पावती फाडावी ती अशी

युद्ध परवडत नाही, असे रडगाणे गाणाऱ्यांनी १८४२चा नानकिंगचा तह नजरेखालून घालावा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. १८३९ साली लिन झेशू या आडमुठ्या अधिकाऱ्याने वीस हजारांवर पेट्या मीठ-चुना घालून नासवल्या. मुक्त व्यापाराचा एवढा अपमान! ब्रिटिश तोफांनी समजूत घातली आणि रीतसर बिल लावले: अफूचे ६० लाख डॉलर, थकबाकी ३० लाख, मारहाणीचा खर्च १ कोटी २० लाख. हप्ता थकल्यास पाच टक्के व्याज. हाँगकाँग वरकड. घरफोडीतही कुलूप तोडण्याची मजुरी घरमालकानेच द्यावी, म्हणजे व्यवहार चोख राहतो. गडबडीत अफू कायदेशीर करायची तेवढी राहिली. ते कलम दुसऱ्या युद्धात, १८५८ साली उरकले. बिल अर्थात चीनच्याच नावे.