हिरव्या ठिपक्याचा आसरा

मटणाची ॲलर्जी कोल्हापूरच्याच माणसाला व्हावी, यात पूर्वजन्मीचं काहीतरी नक्की असणार.

नॉर्थ कॅरोलिनात राहायचं आणि सुट्टीला रानात भटकायचं म्हटलं की गोचीड चावणारच. पण इथली ‘लोन स्टार’ जातीची गोचीड साधी नाही. मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो. ती चावली की लाळेतून अल्फा-गॅल नावाची साखर अंगात जाते आणि काहींचं शरीर त्या साखरेशी उभं वैर धरतं. ही साखर बोकड, डुक्कर, गाय सगळ्यांत असते. कोंबडीत आणि माशात नसते. त्रासही लगेच होत नाही, दोन ते सहा तासांनी होतो. रात्री मटण चापून झोपलेला माणूस अंगभर गांधी उठून जागा होतो आणि संशय घेतो कोशिंबिरीवर. कधी प्रकरण थेट इमर्जन्सीपर्यंत जातं, म्हणून खिशात इंजेक्शन बाळगायचं.

आईला फोनवर सांगितलं. “म्हणजे माळ घातलीस म्हण की,” ती म्हणाली. मागून आबांचा आवाज आला, “म्हशीला चिकटली की आम्ही रॉकेल लावायचो.”

मटण निदान ताटात दिसतं तरी. खरी लपाछपी खाऊच्या पाकिटात. इथल्या कायद्यानं दूध, अंडी, शेंगदाणे वगैरे 9 पदार्थ स्पष्ट नावानिशी छापावे लागतात. 2023 पासून तीळसुद्धा. बोकडाला त्या यादीत जागा नाही. म्हणून चष्मा कपाळावर चढवून, पाकीट नाकाला लावून मी दुकानात वाचत उभा राहतो आणि मागून येणाऱ्या गाड्या मला वळसा घालून जातात.

मार्शमेलोत जिलेटिन, म्हणजे जनावराची कातडी आणि हाडं. पोरांच्या रबरी अस्वलांतही बहुधा तेच. ‘हलाल’ वाचून धीर येतो, पण ते जिलेटिन गाईचं निघतं. अल्फा-गॅलला धर्म कळत नाही. मेक्सिकन पोळ्यांत कधी डुकराची चरबी. ‘नॅचरल फ्लेवर्स’मध्ये मांसाचा अर्कही बसू शकतो. कंपनीला फोन केला तर पलीकडची बाई गोड आवाजात सांगते, ते आमचं गुपित आहे. मग वैतागून ‘व्हीगन’ उचलावं, तर त्यात कॅराजीनन. हे लाल समुद्री शेवाळातून काढतात आणि काही रुग्णांना तेही बाधतं. शेवाळानं बोकडाची बाजू घ्यावी, आता बोला!

दूध मला सोसतं, म्हणून इंडियन ग्रोसरी गाठतो. ज्या हिरव्या ठिपक्याकडे उभ्या जन्मात तुच्छतेनं पाहिलं, तोच आता माझा कैवारी. शेव, चकली, चिवडा बिनघोर. (ठिपक्याला दूध-तूप चालतं. ज्यांना तेही बाधतं त्यांनी पुढचं वाचणं सोडू नये.) काउंटरवरचे गुजराथी काका प्रेमानं विचारतात, “जैन हो क्या?” मी मान डोलावतो. खरं सांगायचं तर गोचिडीपासून सुरुवात करावी लागेल.

मी एकटा नाही. 2010 पासून साडेचार लाखांपर्यंत अमेरिकनांना हे झालं असावं, असा सीडीसी या इथल्या सरकारी आरोग्यसंस्थेचा 2023 मधला अंदाज आहे.

उन्हाळ्यात इकडे येणार असाल तर दोन विनंत्या. रानात जाताना पँट मोज्यात खोचा, ध्यान दिसलात तरी चालेल. आणि येताना जयसिंगपूरचं भडंग आणा. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तिखट, तेल. त्यात वाचायला काही नसतं. दोन किलो तरी आणा.