दात मोजल्याशिवाय बैल घेता का?

हाळीच्या बाजारात बैलजोडी घ्यायला गेलेला आपला माणूस काय काय बघतो? जबडा उघडून दात मोजतो. चारदाती, सहादाती की जुळलेला, हे स्वतःच्या डोळ्यांनी ठरवतो. खांद्यावरून हात फिरवतो, दहा पावलं चालवून खूर बघतो. शिंगं रंगवली, बेगड चिकटवली म्हणून एक रुपया जास्त देत नाही.

तोच माणूस औशात जुनी मोटारसायकल घेतो. टाकी चकाकते, सीटकव्हर नवं आहे, एवढं बघतो आणि पैसे मोजतो.

देवणी आणि लाल कंधारी लांबून ओळखणाऱ्या डोळ्यांना पॉलिश कसं काय फसवतं?

सोयाबीनची पट्टी हातात पडली की जुन्या गाड्यांचे सौदे सुरू होतात. पोराला लातूरला क्लासला जायचं असतं, डेअरीला दूध घालायचं असतं. नवी गाडी झेपत नाही. जुनी घेण्यात चूक काहीच नाही. चूक सुरू होते ती ‘ओळखीतली गाडी आहे’ या वाक्यापासून. ओळख मालकाशी असते. इंजिनाशी कुणाची ओळख आहे?

परवा एका ओळखीच्या पोरासोबत अशीच गाडी बघायला गेलो. सकाळचे सात. दारात स्प्लेंडर, पुसून लख्ख. ‘काका, काय बी काम नाही गाडीला. एका किकेत चालू होते बघा,’ मालक म्हणाला आणि पुढे झाला. मी त्याला थांबवलं. किक मारायच्या आधी इंजिनाजवळ तळहात नेला. चटका बसला.

सकाळी सातला गाडी गरम का? ‘आत्ताच दूध घालून आलो.’ ठीक आहे. आम्ही चहा घेतला, गावात दोन कामं केली आणि दोन तासांनी परत गेलो. या वेळी सहा किका लागल्या. सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला तो निघतच राहिला. म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जळत होतं. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेल्याशिवाय असं होत नाही, आणि हे काम शंभर-दोनशेत भागत नाही.

म्हणून निघण्याआधी फोनवरच सांगा: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. तरीही गरम सापडली, तर वाट बघा. दोन तास काही फार नाहीत.

त्याच गाडीचं मीटर सांगत होतं, अठरा हजार किलोमीटर. फूटरेस्टचं रबर मात्र घासून गुळगुळीत झालेलं आणि ब्रेकच्या पायडलला पाय ठेवायच्या जागी खोलगा पडलेला. कोणावर विश्वास ठेवायचा? मीटर बदलता येतं, मागे घेता येतं. पायडलचा खोलगा कुणी भरून काढत नाही.

‘टायर आत्ताच टाकलेत.’ टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, ते वाचा. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. एवढ्या जुन्या टायरला ‘आत्ताच’ म्हणायचं?

मग हँडलखाली बॅटरी मारा. तिथे चासीवर ताजा रंग दिसला, वेल्डिंगचा गोळा दिसला, तर गाडी कुठेतरी जोरात आदळलेली आहे. दुसऱ्या गाडीवरून मागे राहून बघा, दोन्ही चाकं एका ओळीत धावतात का. नसतील तर भाव करत बसू नका. घरी जा.

बहुतेक गाड्यांचा चासी नंबर तिथेच, हँडलच्या गळ्यावर ठोकलेला असतो. तो मोबाइलवर फोटो काढून आरसीशी जुळवा. इंजिन नंबरही जुळवा. एकेक आकडा बोट ठेवून. अंक घासलेले दिसले तर गाडी कितीही स्वस्त असो, हात लावू नका. चोरीची आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेणाराही गुन्हेगार ठरतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 317 त्यासाठीच आहे. ऐंशी हजारांची गाडी कोणी वीस हजाराला देत असेल, तर शंका यायला आणखी कुठलं कारण लागतं?

इंजिन बिघडलं तर पैशाने दुरुस्त होतं. कागद बिघडला की माणूस अडकतो.

‘बाँडवर लिहून देतो की!’ हे वाक्य आपल्याकडे इतकं चालतं की लोकांना बाँड म्हणजेच मालकी वाटते. ऑक्टोबर 2024 पासून शंभराचा मुद्रांक जाऊन पाचशेचा आला. त्याने बाँड महाग झाला, गाडी नावावर झाली नाही. पैसे दिले-घेतले, एवढंच तो बाँड सांगतो. मालक कोण, हे आरसी सांगते.

कायद्यात काय आहे? मोटार वाहन कायदा 1988, कलम 50. विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत नावावर करून मागायची. फॉर्म 29 आणि फॉर्म 30. दोन फॉर्म, सह्या, थोडी फी. औशाहून लातूरला गाडीने अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यासाठी माणसं पाच-पाच वर्षं दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवतात.

आणि ती पुढे विकतातही. पुन्हा बाँडवर. तिसऱ्याच्या हातात गाडी जाते, आरसीवर पहिल्याचंच नाव असतं. तो पुण्याला गेलेला. फोन लागत नाही. वारला असेल तर आधी वारसांच्या नावावर करायची, त्याचा फॉर्म 31 वेगळा. आता कुठे शोधणार वारस?

गुंठाभर जमीन घेताना सातबारावर बोजा आहे का ते आपण दहादा बघतो. आरसीवरही बोजा असतो. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर फायनान्सवाल्याचं नाव तिथे चढवलेलं असतं. ‘हप्ते कवाच फिटले’ याला अर्थ नाही. वित्तसंस्थेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 दाखवा म्हणावं. नसेल तर हप्ते फिटल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं? विकणाऱ्यानेच ना?

नंबर एमएच 24 असेल तर काम लातूरलाच होतं. केए 38 असेल तर? निलंग्यापलीकडे बीदर, तिथली गाडी स्वस्तात येते. पण तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र लागतं, इकडे पुन्हा कर भरावा लागतो आणि बारा महिन्यांवर गाडी इथे ठेवायची तर नंबरही इथलाच घ्यावा लागतो. हा खर्च मिळवून बघा. स्वस्ताई किती उरली?

एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाका. नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी समोर येतं. थकलेली ई-चलनं वेगळी तपासा, कारण हेल्मेट विकणाऱ्याने घातलं नव्हतं आणि दंड तुम्ही भरायचा. दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते, ती कधी संपते बघा. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का तेही बघा. नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. विमा असेल तर 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करायचा अर्ज द्या. नाहीतर गाडीचं नुकसान झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते, तुम्ही कोण?

पूर्ण पैसे एकदम देऊ नका. पाच हजार हातात ठेवा. आरसीवर स्वतःचं नाव वाचा, मग द्या. याला जो नाही म्हणतो, त्याचा नावावर करून द्यायचा इरादा किती पक्का समजायचा?

आता एक शब्द विकणाऱ्यांना. गाडी दिली, पैसे आले, विषय संपला असं वाटतं ना? 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात उलटं सांगितलं. गाडी विकलेली होती, पुढे तिने आणखी हात बदलले होते, मग अपघात झाला. भरपाईची जबाबदारी आली ती नोंदणीत नाव असलेल्या पहिल्या माणसावर. गाडी रस्त्यावर कोण चालवत होतं, याने फरक पडला नाही.

तेव्हा चार वर्षांपूर्वी कुणाला तरी बाँडवर गाडी दिली असेल, तर आज रात्रीच मोबाइलवर तिचा नंबर टाका. नाव अर्धं झाकलेलं दिसेल, पण स्वतःचं नाव माणसाला ओळखता येतं. ते तुमचंच निघालं, तर घेणाऱ्याला उद्या सकाळी फोन करा आणि त्याला सोबत घेऊन लातूर गाठा.