होम्स साहेब, एकदा बुलढाण्याला याच!

प्रति,
श्री. शेरलॉक होम्स,
२२१ बी, बेकर स्ट्रीट, लंडन



२०२० पासून आपण आमच्याकडे बारावीला आहात, हे आपल्याला कुणी कळवलं नसेल. ‘द साइन ऑफ फोर’चा उतारा इंग्रजी युवकभारती या पाठ्यपुस्तकात लागला आहे. लेखी पेपर ८० गुणांचा, त्यात कादंबरी विभाग १६ चा, आणि त्यातले ४ गुण आपले. चिखलीपासून जळगाव जामोदपर्यंत पोरं आपल्याला घोकतात. उंच, हुशार, निरीक्षणशक्ती दांडगी. एवढं आलं की होम्स झाला.

नुसतं घड्याळ हातात घेऊन आपण डॉ. वॉटसनच्या भावाची सगळी कर्मकहाणी सांगितली होती. आमच्या एखाद्या परीक्षार्थीच्या टेबलाशी या. गाईडाचा कणा मोडलेला, प्रश्नसंचात ‘आयएमपी’च्या खुणा, आणि पाठ्यपुस्तकाची पानं मात्र छापखान्यातून आली तशी एकमेकांना चिकटलेली. निष्कर्ष आपणच काढा.

कवितेचं रसग्रहण तर आम्ही साच्यात ओततो. बायरनची सुंदरी असो की दिलीप चित्र्यांचा लोकलने घरी परतणारा बाप, सुरुवात एकच: कविता अर्थपूर्ण आहे. मग यमक, मग दोन अलंकार, मग संदेश. कवीचं नाव तेवढं बदलायचं. मराठी कवीने इंग्रजीत लिहिलेला हा बाप पोरं गाईडातल्या मराठी भाषांतरातून ओळखतात! मेहकरला कवी ना. घ. देशपांडे होऊन गेले, त्या जिल्ह्यातली ही गोष्ट.

पोरांना तरी काय म्हणावं? २१ फेब्रुवारी २०२३ च्या इंग्रजीच्या पेपरात कविता विभागात परीक्षा मंडळानेच प्रश्नाच्या जागी उत्तर आणि परीक्षकासाठीची सूचना छापली होती. तीन प्रश्नांचे सहा गुण मग अटी घालून देऊन टाकले. लोकांनी उगाच ओरड केली. प्रश्नाआधी उत्तर हीच तर आमची अभ्यासपद्धती. मंडळाने ती छापून दाखवली इतकंच.

इथे आल्यावर आपल्याला पेपरफुटीचा मोह होईल. ३ मार्च २०२३ ला सिंदखेड राजा भागातून गणिताच्या पेपरची पानं वेळेआधी मोबाईलवर फिरली, विधिमंडळात गाजली, अटका झाल्या. त्यात पडू नका. मायक्रो झेरॉक्स, भरारी पथक, खिडकीखाली ताटकळणारे मामा-काका, हे सारं पोलीस आणि शिक्षण खातं बघून घेईल. तिथे गुन्हेगार दिसतो तरी.

माझी फिर्याद वेगळी आहे. गोष्ट गायब झाली आहे. मिस मॉर्स्टन सहा मोती घेऊन आपल्याकडे येते. पुढे आग्र्याचा खजिना आहे, अंदमान आहे, थेम्सवरचा थरारक पाठलाग आहे. तरी ‘सर, पुढं काय झालं?’ असं विचारणारं पोर वर्षानुवर्षं भेटत नाही. मागे एका मुलीने विचारलं, तर माझ्या आधी मागच्या बाकानेच तिला उत्तर दिलं, ‘ते पेपरला येत नाही वं!’ ती खाली बसली. खजिना कोणी लांबवला हे आपण शोधलंत. ही उत्सुकता कोणी लांबवली तेवढं शोधून द्या. संशयितांत मीही आहे. नोट्स माझ्याच होत्या.

मुंबईहून नागपूरकडची गाडी धरा आणि मलकापूरला उतरा, बुलढाण्याला रेल्वे नाही. अभ्यासक्रमातले आपले सोबती फिलिअस फॉग जगप्रवासात बऱ्हाणपूरपर्यंत आले होते. त्यांच्या नोकराने तिथे खोट्या मोत्यांच्या सपाताही घेतल्या. इकडे वाट वाकडी करणं मात्र त्यांना जमलं नाही. आपण तसं करू नका. येताना कादंबरीची एक अख्खी प्रत आणा, ती मुलगी अजून पत्ता बदलून गेलेली नाही.

आणि पेपर व्हायच्या आत या. नंतर आलात तर गाईडं रद्दीत गेलेली असतील, पुरावा हाती लागायचा नाही.

आपला नम्र,
इंग्रजीचा एक मास्तर, जिल्हा बुलढाणा