खोक्यातले मंत्री

भ्रष्टाचाराच्या आरोपातून सुटण्याच्या वाटा पुढाऱ्यांना पुष्कळ ठाऊक असतात. पण आरोप करणाऱ्या सरकारनेच आरोपीचं वकीलपत्र घ्यावं, हे भाग्य नायजेरियाच्या उमारू डिक्कोंचं. राष्ट्राध्यक्ष शगारींच्या काळात ते वाहतूकमंत्री होते, तांदूळ आयातीच्या कृती दलाचे प्रमुखही. ३१ डिसेंबर १९८३ला लष्कराने सत्ता बळकावली आणि डिक्को लंडनला पोचले. नवे सत्ताधीश जनरल बुहारी यांनी बेशिस्तीविरुद्ध युद्ध पुकारलं: रांग मोडणाऱ्याला सैनिकाचा चाबूक, उशिरा येणाऱ्या कारकुनाला बेडूकउड्या. १९८४च्या ५ जुलैला डिक्कोंना लंडनमधल्या घराबाहेरून भरदिवसा उचललं आणि गुंगीचं औषध देऊन लाकडी खोक्यात घातलं. श्वास चालू राहावा म्हणून सोबत एक इस्रायली भूलतज्ज्ञ. (देशातली इस्पितळं नुसती सल्ला देण्यापुरती उरलीत, अशी तक्रार बंडाच्या घोषणेतच होती, इथे मात्र डॉक्टर रुग्णाच्या खोक्यात हजर.) स्टॅनस्टेड विमानतळावर मायदेशी जाणाऱ्या विमानात हे खोकं राजनैतिक टपाल म्हणून चढवायचं होतं. असं टपाल कुणी उघडू शकत नाही, फक्त त्यावर तशी ठळक खूण लागते. ती नव्हती. कस्टम्सने खोकं उघडलं. शिस्तीचं युद्ध लेबलापाशी हरलं.

‘पैसा खाऊन पळालेल्याला परका देश आसरा देतो, मग सरकारने हात चोळत बसायचं का?’ हा प्रश्न रास्त आहे. पण रीतसर प्रत्यार्पणाची मागणी आली ती खोकं उघडल्यानंतर. तोवर ब्रिटनच्या लेखी डिक्को आरोपी उरले नव्हते, अपहरणातून वाचलेले गृहस्थ झाले होते. मागणी फेटाळली गेली. शिवाय मायदेशी त्यांची वाट पाहत होती ती बंद दाराआड चालणारी लष्करी न्यायाधिकरणं. तिथे पाठवायला कचरणाऱ्याला लबाड कसं म्हणावं? अपहरणात आपला हात नाही, असं नायजेरियाचं सरकार सांगत राहिलं. तीन इस्रायली आणि एक नायजेरियन तुरुंगात गेले. डिक्कोंनी खरंच किती खाल्लं, काही खाल्लं का, हे मात्र कुठल्याही न्यायालयात तपासलंच गेलं नाही. आरोपातली रक्कम सांगणाऱ्यागणिक फुगली, ते नाकारत राहिले, आणि चर्चा खोक्याचीच झाली. पुढे ते नव्वदच्या दशकात परतले, राजकारणात रुळले. २०१३ साली सत्ताधारी पक्षाने त्यांना एक जबाबदारी दिली: शिस्तपालन समितीचं अध्यक्षपद.