पान कोणतं?

आमच्या चौकात भाऊंचा नवा फ्लेक्स लागलाय. हातात जाडजूड पुस्तक, खाली 'अभ्यासू नेतृत्व'. स्कूटर कडेला लावून नीट निरखलं. पुस्तकावरचा प्लास्टिकचा कागद अजून फाडलेला नाही.

भाऊंना बोल लावण्यात अर्थ नाही. ही शक्कल जुनी आहे. शेक्सपिअरचं 'तिसरा रिचर्ड' १५९७ साली छापलं गेलं, त्यात ती तपशीलवार दिलीय. रिचर्डला पुतण्याचं सिंहासन हवंय. लंडनचा महापौर नागरिकांना घेऊन दाराशी येतोय. बकिंगहॅम (पदनाम काहीही असो, काम प्रसिद्धिप्रमुखाचं) घाईघाईनं सांगतो : हातात प्रार्थनेचं पुस्तक धरा, दोन्ही अंगांना दोन धर्मगुरू घ्या, आणि मुकुट पुढे केला की 'नको, नको' म्हणत घेऊन टाका. थोड्या वेळानं रिचर्ड वरच्या सज्जात, दोन बिशपांच्या मधोमध. खालून बकिंगहॅम महापौराला दाखवतो, ते बघा बिशप, ते बघा हातातलं पुस्तक! न दाखवून कसं चालेल? एवढी धावपळ केली कशासाठी?

माझा प्रश्न एवढाच, की पान कोणतं उघडलं होतं? मुळात पुस्तक आलं कुठून? कुणी नोकर धावला असेल, धूळ झटकली असेल. की बिशपांनीच येताना काखेत मारून आणलं? बोट कुठल्या पानात घालायचं हे कुणी ठरवलं? बोट तर घालावंच लागतं, त्याशिवाय 'वाचता वाचता उठून आले' असं वाटत नाही. फार सुरुवातीला घालून भागत नाही, आत्ताच हातात घेतलंय हे कळतं. फार शेवटीही नको, संपवून मोकळे झालेत असं वाटेल. म्हणजे मधलं पान. आणि महापौरानं म्हटलं असतं, 'महाराज, दोन ओळी मोठ्यानं वाचा की,' तर? पण महापौर असं म्हणत नाही. बिशपांना तर अख्ख्या प्रवेशात एक वाक्य नाही. तेही पुस्तकासारखेच, हाताशी असावेत म्हणून आणलेले.

त्याआधी गिल्डहॉलमध्ये बकिंगहॅमनं भाषण ठोकलेलं असतं. लोक दगडासारखे गप्प. शेवटी मागच्या बाजूला त्याचीच दहाएक माणसं टोप्या उडवून जयजयकार करतात, आणि हा गडी सगळ्या जमावाचे आभार मानून निघतो. दहा टोप्या! त्यावर राज्य मिळतं. आणि घरी जाताना बाकीच्यांतला प्रत्येक जण म्हणाला असेल, 'मी कुठं ओरडलो?' अरे, पण नको म्हणून तरी कुठं ओरडलास? तू घशात धरून ठेवलेलं मौनच त्यानं हिशेबात धरलं ना!

या नाटकात मला जवळचा वाटतो तो नकलनवीस. जेमतेम चौदा ओळींचा माणूस. रिचर्डनं शिरच्छेद करवलेल्या हेस्टिंग्ज सरदारावरचं आरोपपत्र सुवाच्य अक्षरात उतरवायला त्याला अकरा तास लागले, आणि पाच तासांपूर्वी हेस्टिंग्ज जिवंत, मोकळा, निष्कलंक. निकाल आधी, गुन्हा मागाहून. हे त्याला कळतं, कुणालाही कळावं. तरी उतरवून देतो. त्याचे पैसे वेळेवर मिळाले का, हे शेक्सपिअर सांगत नाही. मला अंदाज आहे.

गंमत पुढेच आहे. खऱ्या रिचर्डचं खरं प्रार्थनेचं पुस्तक आजही लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्याच्या ग्रंथालयात आहे. १४८५ साली तो बॉसवर्थच्या लढाईत पडला आणि पुस्तक गेलं जिंकणाऱ्या हेन्रीच्या आईकडे. शेक्सपिअरनं नाटक लिहिलं तेव्हा गादीवर होती त्याच हेन्रीची नात. तेव्हा सज्जातलं ते सोंग कुणी कुणाला चढवलं, हा आणखी एक फ्लेक्स झाला.

त्या पुस्तकातल्या दिनदर्शिकेत रिचर्डनं स्वतःच्या हातानं एक नोंद केलीय. २ ऑक्टोबरच्या रकान्यात. (आपल्याकडे त्या दिवशी ड्राय डे असतो, तो भाग वेगळा.) नोंद कसली? स्वतःच्या वाढदिवसाची.

भाऊंचा फ्लेक्सही वाढदिवसाचाच आहे.