सहा एमएमचा तोरा

धनजला आमच्या भाऊंच्या घराचा स्लॅब पडला, प्लास्टर झाले आणि मग खिडक्यांच्या काचेवरून बैठक बसली. चार एमएम की पाच? शेजाऱ्याने पाच टाकली म्हणताच भाऊंना सहा हवी झाली.

"भाऊ, सहाची काच चौरस मीटरले पंधरा किलो भरते. स्लायडिंगची चाकं बसतीन," फॅब्रिकेटर म्हणाला.

"बसू दे. ऊन तं अडते ना?"

अडत नाही. साधी पांढरी काच चारची असो की सहाची, उन्हाला दोन्ही जवळपास सारख्याच. मे महिन्यातल्या दुपारी खरे काम छज्जा आणि जाड पडदा करतात. जाडी पाहायची ती वाऱ्यासाठी आणि तावदानाच्या आकारासाठी. हातभर पल्ल्याला चार पुष्कळ. गारांची किंवा वानरांची धास्ती असेल तर टफन घ्यावी, तेवढ्याच जाडीत ती चारपाच पट दणकट. फक्त माप आधी नीट घ्यावे, कारण टफन झालेली काच पुन्हा कापता येत नाही. (मिस्त्रीच्या "बोटभर इकडंतिकडं" या मापाचे इथे काही चालत नाही.)

शेवटी सहाच बसली. मार्च सरला, कूलर निघाला. खिडकीबाहेर लोखंडी स्टँड लागला, पल्ला सरकवून कूलरचे तोंड आत घेतले, उरलेल्या फटीत थर्माकोल आणि आईचे जुने लुगडे कोंबले. सहा एमएमची काच आता जूनपर्यंत दुसऱ्या पल्ल्याआड. पाहुणा आला की भाऊ तिला टिचकी मारून दाखवतात.

आवाज मात्र भारी येतो.