लेंडीत उतरू पाहणाऱ्यांस

लेंडी नदीची तब्येत तपासायला निघालेल्या पालम तालुक्यातल्या स्वयंसेवकांनो,



तुम्ही दर महिन्याला नदीवर जाऊन पाण्याचे नमुने घेणार, असं कानावर आलं. काळजी वाटली. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं, फळा-आरखेडकडचा रस्ता बंद झाला, की लेंडीचं नाव पेपरात येतं. उरलेलं वर्ष तिने गप्प पडून राहावं, अशी आपली जुनी वहिवाट. त्यात हे नवीन काय काढलंत?

नदीसाठी काही करायचंच तर रीत आहे. २ ऑक्टोबर २०२२ ला सेवाग्रामहून ‘चला जाणूया नदीला’ अभियान निघालं; तसं तुम्हीही बॅनर लावा, नारळ फोडा, फोटो काढून घरी या. (त्या अभियानात काही जणांनी खरोखरच काठ पालथे घातले. अशी माणसं प्रत्येक मोहिमेत शिरतातच.)

शिवाय तपासणी होतेच की! लेंडीचं राहू द्या, गोदावरीचं पाणी तर वर ढालेगावला सरकारी माणसं तपासतात. तिथून आपल्या तालुक्यापर्यंत ते तसंच येत असणार; मध्ये काय, फक्त गंगाखेड शहर!

दगड उलटे करून बघायची खोड तर मुळीच नको. खालच्या बाजूला तीन शेपट्यांची चपटी अळी चिकटलेली दिसली तर ठीक, पाण्यात जीव आहे. पण गाळात नुसत्या लाल अळ्याच वळवळताना सापडल्या, तर तुम्ही विचारणार, गावचं सांडपाणी सुटतं कुठे? बाटली पाण्याखाली धरून, आत बुडबुडा न ठेवता भराल. लिटरमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्राणवायू निघाला, की आंघोळीच्या सरकारी निकषातही नदी नापास. मग पोळ्याला बैल कुठे धुवायचे?

एकदाच तपासलंत तर आम्हाला निभावून नेता येतं: पाऊस नव्हता, म्हशी डुंबत होत्या, बाटलीच घाण होती. पण तीच जागा, तीच वेळ, दर महिना, असा वर्षभराचा हिशेब वहीत चढला की सबबींना जागा उरत नाही. तुमच्या उत्साहाची आम्हाला धास्ती नाही, तो दिवाळीपर्यंत ओसरतो. धास्ती आहे ती त्या वहीची.

तेव्हा हात जोडून विनंती: जायचंच तर जा, पण ती वही ग्रामसभेत वाचून दाखवू नका. इतिवृत्तात तर मुळीच लिहवून घेऊ नका.

आपला,
काठावरचा एक नदीप्रेमी